नातवांची घराबाहेरची शाळा

मुलांना घरांत किती ठेवावें आणि बाहेर किती सोडावें, हा प्रश्न आमच्या लहानपणीं कोणाला पडत नसे. दिवस उगवला कीं मुलगा बाहेर पडे आणि भूक लागली कीं घरीं येई. मधल्या काळांत तो कोठें होता याची चौकशी आई फार तर त्याच्या पायांचा चिखल पाहून करी. आतां काळ पालटला आहे. आमच्या वाईसारख्या लहान गांवांतहि रस्त्यांवर वाहनांची रीघ लागली, अंगणें गेलीं, आणि जीं मुलें पूर्वी झाडावरून उतरवावीं लागत तीं आतां गादीवरून उठवावीं लागतात. याबद्दल मुलांना दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. त्यांच्या हातीं मोबाईल देणारे हात मोठ्यांचेच असतात, आणि "बाहेर जाऊं नकोस" हें वाक्यहि मोठ्यांच्याच तोंडचें आहे.

प्राथमिक शाळेंत ३४ वर्षें मास्तरकी करून मी निवृत्त झालों. घरांत आम्ही सहा माणसें : मी, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातू. थोरला आतां साडेनऊ वर्षांचा आहे, धाकटा साडेसहांचा. चिरंजीव बँकेंत आहेत व सूनबाई माध्यमिक शाळेंत गणित शिकवितात. तेव्हां शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत दोघेहि माझ्या स्वाधीन. गेल्या दोन वर्षांत या दोघांना घेऊन मी जें हिंडलों, त्याची हकीकत इतर आजी-आजोबांना उपयोगीं पडेल असें वाटून ती येथें देत आहे. तींत शौर्याचें कांहीं नाहीं. आमचीं सारीं साहसें घरापासून दीड-दोन कोसांच्या आंत घडलीं.

या हिंडण्याचें मूळ एका चष्म्यांत आहे. २०२३ च्या जून महिन्यांत थोरल्याच्या शिक्षिकेनें कळविलें कीं, त्याला फळा नीट दिसत नाहीं. नेत्रवैद्यांनीं तपासून दोन्ही डोळ्यांना उणे दीड नंबर सांगितला. सात-आठ वर्षांच्या पोराच्या नाकावर चष्मा, म्हणून घरांत एखाद्या आजाऱ्याच्या घरासारखी शांतता पसरली. सौ. नें दोष गाजराला दिला, म्हणजे तीं न खाण्याला. चिरंजीवांनीं तो स्वतःकडे घेतला, कारण त्यांनाहि चष्मा आहे. वैद्यांनीं मात्र एकच प्रश्न विचारला, "मुलगा रोज उघड्यावर किती वेळ असतो ?" आम्ही सर्वजण एकमेकांकडे पाहूं लागलों. शाळेच्या गाडीपर्यंतची पन्नास पावलें आणि मधल्या सुटींतील पंधरा मिनिटें, याहून अधिक हिशेब कोणालाच लागेना.

त्यांनीं पुढें जें सांगितलें तें मीं घरीं येऊन पडताळून पाहिलें, कारण जन्मभर मुलांचे ताळे तपासण्याची संवय जडलेली. चीनमधील ग्वांगझू शहरांत २०१० पासून २०१३ पर्यंत १२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास दिला आणि तो मैदानावर घेतला. बाकीच्या शाळा पूर्वीप्रमाणें चालल्या. तीन वर्षांनीं पाहिलें तेव्हां मैदानावर गेलेल्या मुलांपैकीं शेंकडा ३०.४ जणांना लघुदृष्टि जडली होती, व इतरांपैकीं शेंकडा ३९.५ जणांना. तैवानमध्यें तर २०१० पासूनच मुलांनीं रोज दोन तास उघड्यावर काढावेत असा सरकारी उपक्रम चालू आहे. कारण असें देतात कीं, घरांतील दिव्याचा उजेड तीन-चारशें लक्स असतो, तर बाहेर झाडाच्या सावलींतहि तो कित्येक हजार भरतो. या प्रखर उजेडानें डोळ्याच्या आंतल्या पडद्यांत डोपामीन नांवाचें द्रव्य स्रवतें आणि तें नेत्रगोलाला वाजवीपेक्षां लांब होऊं देत नाहीं, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. लघुदृष्टि म्हणजे तरी दुसरें काय, नेत्रगोल लांब होणेंच.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगावयास पाहिजे, कारण आमच्या आळींत तिचा विपर्यास झाला. बाहेर हिंडल्यानें आलेला चष्मा जात नाहीं. तो येण्यापूर्वीं हिंडल्यास टळण्याचा संभव वाढतो, इतकेंच. म्हणजे या उपायाचा खरा लाभ थोरल्याला नव्हे, धाकट्याला व्हावयाचा. पण धाकट्याला एकट्याला न्यावें आणि चष्मेवाल्याला घरीं ठेवावें हें कोणत्या आजोबाला जमेल ? तेव्हां त्या दिवसापासून दुपारीं साडेचार ते साडेसहा हे दोन तास बाहेरचे ठरले. पाऊस असला तर छत्री. ताप असला तरच सुटी. गृहपाठ रात्रीं. सूनबाईंनीं हा नियम एका वाक्यांत मान्य केला, "बाबा, गणित रात्रींहि सुटतें." ज्या घरांत सून गणिताची शिक्षिका आहे त्या घरांत हें वाक्य हलकें नाहीं.

पहिले पंधरा दिवस मात्र फार कठीण गेले. मुलांना बाहेर नेणें सोपें आहे, बाहेर रमविणें नाहीं. "आजोबा, आतां काय करायचें ?" हा प्रश्न दर पांच मिनिटांनीं येई. मींहि मास्तर असल्यामुळें प्रत्येक झाडाचें नांव, त्याचा संस्कृत पर्याय आणि औषधी गुण सांगूं लागलों. धाकट्यानें तिसऱ्या दिवशीं झाडांकडे पाहणेंच सोडलें. तेव्हां मीं तोंड मिटलें आणि नुसता बरोबर चालूं लागलों. शिकविणें थांबविल्यावर मुलें पाहूं लागतात, हा अनुभव मला शाळेंत कधीं घेतां आला नाहीं, कारण तेथें तास भरावयाचा असतो.

सुगरणीचीं घरटीं त्यांनींच शोधलीं. मेणवलीच्या वाटेवर सौ. च्या मामेभावाचा मळा आहे. मळ्यांतील विहिरीवर एक बाभूळ वांकलेली आहे, आणि तिच्या पाण्यावर आलेल्या फांद्यांना आषाढांत पांच-सात हिरवे गोळे लोंबूं लागलेले थोरल्याला दिसले. चष्म्यामुळें दिसले, असें तो अभिमानानें सांगत असे. त्यानंतर दीड महिना आम्ही दुसरीकडे कोठें गेलों नाहीं. विहिरीपासून वीस पावलांवर चिंचेखालीं पोतें पसरून बसावयाचें आणि पाहावयाचें.

डोक्यावर पिवळी टोपी घातल्यासारखा नर शेजारच्या उसाच्या पात्याच्या कडेला चोंचीनें खांच पाडी, आणि तेथून उडतांना वीत-दोन वीत लांबीची चिंधी फाडून नेई. फांदीला गांठी मारून आधीं एक कडें, मग त्याच्या एका अंगाला पोट, असें काम चाले. घरटें उलट्या टोपीसारखें अर्धें झालें कीं सारे नर आपापल्या घरट्याला लटकून पंख फडफडवीत एकच कलकलाट करीत, आणि माद्या येऊन एकेक घर आंतून पाहून जात. पसंत पडलें तर नर पुढची नळी विणून घर पुरें करी. नाहीं तर तें तसेंच सोडून देई. धाकट्याला हें फारच अन्यायाचें वाटलें. "इतकें केलें आणि ती नको म्हणाली ?" असें तो रोज विचारी. घरीं येऊन त्यानें आजीला ही तक्रार सांगितली, तर ती म्हणाली, "बरोबरच आहे. मीं तुझ्या आजोबांचें घर न पाहतां होकार दिला, तेव्हां न्हाणीघराला दार नव्हतें."

आपल्या भाषेनें या पक्ष्याला सुगरण हें स्त्रीलिंगी नांव दिलें. विणणारा मात्र नर. घर पुरें होऊन मादी अंडीं घालूं लागली कीं हे गृहस्थ जवळच दुसरें घर बांधावयास घेतात व दुसरी गृहिणी मिळवूं पाहतात, हें डॉ. सालिम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळ किहीम येथें पाहून ठेवलें आणि पुढच्या वर्षीं प्रसिद्ध केलें. हा भाग मीं मुलांना सांगितला नाहीं. तो थोरल्यानें आपला आपण पाहिला. त्यानें वहींत प्रत्येक घरट्याला आंकडा दिला होता. भाद्रपदांत एकंदर १७ घरटीं झालीं, त्यांतील ६ नळीसह पुरीं, आणि "तीन नंबरचा बाप नऊ नंबर बांधतो आहे" अशी त्याची नोंद आहे. एक घरटें वाऱ्यानें पडलें, त्याच्या आंत मातीचे वाळलेले गोळे चिकटविलेले निघाले. तें घरटें आमच्या देवघराच्या खुंटीला टांगलें आहे. सौ. च्या मतें तें बाहेर टांगावें, पण दोन वर्षांत तें हललें नाहीं.

कांटे मोडले, गुडघे फुटले, एकदां गांधीलमाशी थोरल्याच्या कानाला डसली. हें सर्व लिहीत बसत नाहीं. सापांविषयीं मात्र नियम पहिल्या दिवशींच घालून दिला होता : जेथें डोळा पोंचत नाहीं तेथें हात घालावयाचा नाहीं, पाय टाकावयाचा नाहीं. आपल्या भागांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चार विषारी साप मुख्य, आणि चारांवरहि चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मिळते. तेव्हां दंश झाला तर मांत्रिक नाहीं, पट्टी आवळणें नाहीं, चिरा देणें नाहीं, अंग न हलवितां सरळ दवाखाना. धाकटा हें अथर्वशीर्षाच्या चालीवर म्हणतो. मीं मना केलें नाहीं.

थंडींत आमची मजल मेणवलीच्या घाटापर्यंत जाऊं लागली. वाईपासून हें अंतर सुमारें ३ किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागें कृष्णेच्या वळणावर बांधलेला घाट, आणि घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशीं एका लहानशा दगडी मनोऱ्यांत टांगलेली ती प्रचंड घंटा. घंटेवर बाळाला घेतलेली मेरीमाता आणि १७०७ हें साल आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथील देवळांच्या घंटा मराठी सरदारांनीं आणून ठिकठिकाणच्या देवस्थानांना वाहिल्या. भीमाशंकरची आणि नाशिकच्या नारोशंकराची घंटा ह्या तिच्याच बहिणी. शंकराच्या दारांत येशूची आई कशी, हें धाकट्याला मुळींच विचित्र वाटलें नाहीं. "तीहि आईच आहे ना," एवढें म्हणून तो घंटेखालीं शिरला. त्याला पडलेला प्रश्न निराळाच होता. एवढी घंटा आणली कशी ? घरीं येऊन दोघांनीं नकाशा पसरला. वसई ते वाई दोनशें किलोमीटरांहून अधिक, मध्यें सह्याद्रि आडवा. किती बैल लागले असतील यावर दोघांचें भांडण झालें, धाकटा चाळीसांवर उतरावयास तयार होईना, आणि शेवटीं सूनबाईंनीं चढणीचें गणित मांडून दिल्यावर तो आणखी दहा मागूं लागला.

घाटावर जाऊं लागल्यापासून पाण्याचा प्रश्न उभा राहिला. आतां या लेखांतील मुख्य भागाकडे येतों.

वाईच्या सात घाटांवर वाढलेल्या माझ्या पिढींतील मुलाला पोहणें कोणीं शिकविलें हें आठवत नाहीं, इतकें तें सहज होतें. आज त्या घाटांशीं पाण्याची स्थिति बहुतेक काळ पोहण्याजोगी नसते. जलपर्णी आणि सांडपाणी यांनीं कृष्णाबाईला वेढलेलें असतें. वरच्या अंगाला धोमचें धरण आहे. तेथून पाणी सुटलें कीं काल घोट्याला लागलेलें पाणी आज गुडघ्याच्या वर येतें. मुलें नदीवर जाणार, हें ठरलेलें. मग पोहतां आल्याशिवाय त्यांना काठावर फिरूं देणें मला धोक्याचें वाटूं लागलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील बालकांचा होता. सहा वर्षांपुढील मुलांना पोहणें आणि पाण्यांतील सावधगिरी शिकवावी, अशी त्याच संघटनेची शिफारस आहे. थोरला २०२४ च्या चैत्रांत साडेआठ वर्षांचा होता. मळ्यांतील त्याच विहिरीला पायऱ्या आहेत, उन्हाळ्यांत दोन पुरुष स्वच्छ पाणी असतें, आणि आमच्या आळींत एक निवृत्त व्यायामशिक्षक राहतात, ज्यांनीं शेंकडों मुलांना पोहावयास शिकविलें आहे. सर्व योग जुळले.

शेजारचे एक वैदिक गृहस्थ मला म्हणाले कीं, नदी हातांनीं तरून जाऊं नये असा मनुस्मृतींत स्नातकाला निषेध आहे. मीं त्यांना म्हटलें, ज्याला पोहतांच येत नाहीं त्याला निषेध कोण कशाला करील ? त्या वादाचा निकाल तेथेंच लागला. घरांतला विरोध मात्र असा निकालांत निघणारा नव्हता.

सौ. नें एका शब्दांत "नाहीं" म्हटलें आणि ती आंत निघून गेली. कारण घरांत सर्वांना ठाऊक होतें, फक्त मुलांना नव्हतें. १९७५ च्या श्रावणांत तिचा पाठचा भाऊ गांवच्या तळ्यांत गेला. चौदा वर्षांचा होता. तो उत्तम पोहत असे. पाण्यांत पडलेल्या सवंगड्याला काढावयास त्यानें उडी घेतली. सवंगड्यानें गळ्याला मिठी मारली, आणि दोघेहि वर आले नाहींत. पन्नास वर्षें होत आलीं, तरी राखीपौर्णिमेच्या दिवशीं ती दुपारपर्यंत कोणाशीं बोलत नाहीं. मीं अहवालांतील आंकडे सांगितले. ती म्हणाली, "त्याला पोहतां येत नसतें तर तो आज असता. तुमच्या आंकड्यांत तो कोठें बसतो ?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आंकडा हा अनेकांचा असतो, आणि तिचें दुःख एकाचें होतें. चार दिवस हा विषय घरांत निघाला नाहीं. पांचव्या दिवशीं व्यायामशिक्षक सहज म्हणून आले. त्यांच्या कानावर मीं सर्व घातलें होतें. चहा झाल्यावर ते तिला म्हणाले, "वहिनी, तुमच्या भावाला पोहावयास शिकविलें, पण वांचवावयास कोणीं शिकविलें नाहीं. या दोन विद्या निराळ्या आहेत. बुडणाऱ्याच्या हातांत स्वतःचा गळा द्यावयाचा नसतो. काठी द्यावयाची, दोर द्यावयाचा, नाहीं तर अंगावरचें धोतर द्यावयाचें. मी मुलाला आधीं तें शिकवितों. तें आलें नाहीं तर पाण्यांत उतरविणार नाहीं. तुम्ही येऊन पाहा."

ती लगेच हो म्हणाली नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें मला सांगितलें, "मी येईन. दोर माझ्या हातांत राहील."

पहिले तीन दिवस थोरला पाण्यांत गेलाच नाहीं. चिंचेखालीं धाकटा जमिनीवर पडून बुडण्याचें सोंग करी, फारच आवडीनें करी, आणि थोरल्यानें पालथें निजून, पाय पसरून, काठी पुढें करावयाची, मग दोराचें वेटोळें त्याच्या डोक्यापलीकडे फेंकावयाचें, मग पंचा. उभें राहून हात दिला कीं शिक्षक हळूच ओढीत आणि थोरला तोंडावर आपटे. "पाहिलेंस ? आतां दोघे बुडाले." प्रत्येक वेळीं आधीं मोठ्यानें हांक मारून माणसें गोळा करावयाचीं, हाहि पाठ होता. सौ. पायरीवर बसून हें सर्व पाहत असे. ती कांहीं बोलत नसे.

चौथ्या दिवसापासून पाणी. थोरला मुळांत भित्रा. चष्मा काढला कीं त्याला पलीकडचा काठ धुरकट दिसे, त्यामुळें विहीर त्याला अथांग वाटे. शिक्षकांनीं घाई केली नाहीं. दोन दिवस नुसतें पायरीवर बसून, पाण्यांत तोंड घालून बुडबुडे काढावयाचे. मग पाठीला वाळका भोपळा आणि कमरेला दोर. दोराचें दुसरें टोक सौ. च्या मनगटाला दोन वेढे घालून. पाय मारावयास आले, हात आले, श्वास कधीं घ्यावा तें आलें. दहाव्या दिवशीं भोपळा सुटला. दोर सुटेना. शिक्षकांनीं खूण केली, मींहि केली. तिनें आम्हां दोघांकडे पाहिलें नाहीं. थोरला दोरासह विहिरीच्या चार फेऱ्या मारूं लागला, तरी तिच्या मनगटावर वळ उठेपर्यंत वेढे तसेच. बाराव्या दिवशीं तो पायरीशीं येऊन म्हणाला, "आजी, दोर पायांत येतो ग." तेव्हां तिनें आपल्या हातानें त्याच्या कमरेची गांठ सोडली. त्यानें फेरी पुरी करीपर्यंत ती पायरीवर उभी होती.

त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत हा अभ्यास कामास आला. गांवाबाहेरच्या एका घाटावर आम्ही तिघे गेलों होतों. घाट निर्जन, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ. धाकट्यानें पाण्यापासून चौथ्या पायरीच्या खालीं उतरावयाचें नाहीं हा नियम होता, आणि तो नेहमीं पाळीत असे. पण त्या दिवशीं त्याची एक चप्पल घरंगळून पाण्यांत गेली व तरंगत निघाली. नवी होती. तो दोन पायऱ्या उतरला, घसरला, आणि कमरेच्या वर पाण्यांत गेला. तळाला पाय लागत होते कीं नव्हते कोण जाणे. प्रवाह होता, आणि शेवाळावर त्याच्या हाताला पकड मिळेना. मी दहा-बारा पायऱ्या वर होतों. या गुडघ्यांनीं दहा पायऱ्या उतरावयास किती वेळ लागतो तें मला त्या दिवशीं कळलें.

थोरला त्याच्यापासून चार हातांवर होता. त्यानें उडी मारली नाहीं. "आजोबा !" म्हणून मोठ्यानें एक हांक मारली, कोरड्या पायरीवर पालथा पडला, आणि खांद्यावरचा पंचा धाकट्याच्या तोंडापुढें टाकला. "धर ! दोन्ही हातांनीं धर !" धाकट्यानें धरला. थोरल्यानें ओढलें नाहीं, नुसता ताण धरून ठेवला, कारण ओढलें तर आपणहि घसरतों हें तो चिंचेखालीं वीस वेळां आपटून शिकला होता. मी पोंचलों, पायरीवर बसलों, आणि दोघांनीं मिळून त्याला वर घेतलें. सर्व प्रकार अर्ध्या मिनिटाचा असेल. चप्पल गेली. धाकटा आधीं चपलेसाठीं रडला, मग थंडीनें.

घरीं कसें सांगावें याचा मी वाटेंत विचार करीत होतों; पण दारांतच धाकट्यानें सगळें सांगून टाकलें, चपलेपासून सुरुवात करून. सूनबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनीं धाकट्याला ओढून घेतलें आणि पुष्कळ वेळ सोडलें नाहीं. सौ. नें थोरल्याला जवळ बोलावून सर्व हकीकत पुन्हां पहिल्यापासून सांगावयास लावली : कोठें उभा होतास, काय टाकलेंस, उडी कां मारली नाहींस. तो म्हणाला, "सरांनीं सांगितलें आहे, उडी शेवटीं. आणि पंचा पोंचत होता." ती उठून देवघरांत गेली. बऱ्याच वेळानें बाहेर आली आणि मुलांना तिनें आपल्या भावाची गोष्ट सांगितली. लग्नाला चाळीस वर्षें झालीं, पण त्या मुलाचें नांव तिच्या तोंडून इतक्या सहज आलेलें मीं तोंवर ऐकलें नव्हतें. थोरल्यानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्यांच्याजवळ पंचा नव्हता का ?" ती म्हणाली, "होता रे. कांठावर ठेवून गेला."

धाकट्याला मार्गशीर्षांत सहावें वर्ष पुरें झालें. यंदा वैशाखांत तोहि विहिरीवर जाऊं लागला. त्याच्या बाबतींत शिक्षकांची अडचण उलट आहे; थोरल्याला पाण्यांत घालावें लागे, याला बाहेर काढावें लागतें. वाळके भोपळे आतां बाजारांत सहज मिळत नाहींत. आमचा एक मामेभावाच्या मळ्यांतला आहे. दुसरा फुटल्यावर आम्हीं पांच लिटरचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे डबे, झांकणें घट्ट लावून, सुती पट्ट्यानें छातीच्या दोन्ही अंगांना बांधले. नायलॉनची दोरी कांचते, म्हणून पट्टा सुतीच असावा, आणि झांकणें रोज पाण्यांत दाबून तपासावीं. दोर अर्थातच आहे. दुसरें टोक सौ. च्या मनगटाला आहे, आणि शेजारीं पायरीवर घडी करून ठेवलेला एक पंचा.